विहिरीला डिझेलचा वास येतोय!

पंगतीत शेजारी बसलेल्या कुणी मला विचारलं, "तू नक्की काय काम करायचीस गं?" की माझा नवरा हळूच आपल्या पानातला भात संपवायला घेतो. त्याला माहीत असतं, आता बाकीच्यांचा भात निवणार! कारण आमच्या कामाचं एका वाक्यात सांगता येत नाही आणि एका किश्शावर थांबता येत नाही. किस्से गोळा करायला आम्ही कधीच कुठं गेलो नाही हो. तुम्ही फक्त लोकांच्या दारात जाऊन खड्डा खणायला लागा. पुढचं लोक बघतात!

तर काम असं. पेट्रोल पंपाच्या पोटात, जमिनीखाली लोखंडी टाक्या पुरलेल्या असतात. त्या गंजतात, गळतात. गळलेलं तेल दिसत नाही. ते मातीतून, मुरमातून गुपचूप खाली उतरतं आणि एक दिवस कुणाच्या तरी विहिरीत जाऊन पोचतं. मग पाण्याला डिझेलचा वास येतो, भांडणं लागतात आणि कुणीतरी आम्हाला फोन करतं. गळती कुठं आहे, तेल कुठवर पसरलंय, कुठलं पाणी प्यायचं नाही, हे आम्ही शोधायचं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात या कामाचे आम्ही तिघं. गुळवणी सर, म्हणजे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून रिटायर झालेले. त्यांनीच राजारामपुरीत घराच्या पुढच्या खोलीत लॅब काढली होती. मोहितेमामा, म्हणजे जीप चालवणारे आणि गिरमिट फिरवून जमिनीतली माती वर काढणारे. आवाज असा की त्यांनी कुजबुज केली तरी पलीकडच्या गल्लीत दारं उघडायची. आणि तिसरी मी, केमिस्ट्रीची एमएस्सी, कांबळे मॅडम.

*

लॅबच्या दारावर सरांनी हौसेनं पाटी लावली : "येथे माती व पाणी तपासून मिळेल."

पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक आजोबा आले. हातात किटली. टेबलावर ठेवली, झाकण काढलं. आत दूध!

"तपासा."

सर म्हणाले, "आजोबा, इथं पाणी तपासतात."

"त्येच म्हंतोय मी. ह्येच्यात पानी किती हाय ते तपासा."

"तसं नाही. आम्ही विहिरीचं पाणी तपासतो."

आजोबांनी सरांकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढा शिकलेला माणूस आणि असं कसं बोलतोय!

"मग? गवळी काय समुद्राचं घालतोय व्हय? विहिरीचंच आसनार की!"

*

हातकणंगल्याकडं एका गावात दिनकरराव नावाचे शेतकरी होते. त्यांच्या विहिरीवर तेलाचा तवंग आला. आम्ही पोचलो तर विहिरीवर हीऽऽ गर्दी! दिनकररावांनी आमच्या हातावर आधी पेढा ठेवला.

"सर, रानात तेल लागलं!"

सरांनी विहिरीत वाकून बघितलं, वास घेतला आणि पेढा तसाच हातात धरून समजावून सांगायला लागले. आपल्याकडचा खडक म्हणजे थंड झालेला लाव्हा, त्यात तेल सापडत नाही. मग त्यांनी रस्त्यापलीकडच्या पेट्रोल पंपाकडं बोट केलं. पंपाचे मालक गर्दीतच उभे होते. ते एकदम चपलेचा अंगठा बघायला लागले.

दिनकररावांनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"सर, शेजाऱ्याची कोंबडी माझ्या रानात आली आनि अंडं घालून गेली, तर अंडं कुनाचं?"

सर गडबडले. पण प्रोफेसर माणूस, प्रश्न आला की उत्तर द्यायचंच.

"कोंबडीच्या मालकाचं."

"आनि घान करून गेली तर?"

"ती... ती पण त्याचीच म्हणायची."

दिनकरराव पंपमालकाकडं वळले, नीट हात जोडले आणि म्हणाले, "ऐकलंसा न्हवं? कोंबडी तुमची हाय. आता विहीर उपसून द्या!"

*

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला एक पंप होता. तिथं जमिनीखालचं पाणी अधूनमधून तपासता यावं म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेला एक पाइप पुरला. वर हातभर निघालेला, त्याला लोखंडी झाकण. एखादा ट्रक पाठीमागं येताना धडकायला नको, लांबून दिसावा, म्हणून सरांनी झाकणाला रंग द्यायला सांगितलं. मामांनी जवळ होता तो रंग दिला. शेंदरी!

पुढं काय झालं असेल ते तुम्हीही सांगाल. महिन्याभरानं गेलो, तर पाइपाच्या अंगावर गुलाल, गळ्यात झेंडूची माळ, पुढं खोबऱ्याच्या वाट्या. डोंगरावरनं दर्शन करून येणारे उरलासुरला गुलाल इथं उधळून पुढं जात होते.

मी पाण्याचा नमुना काढायला झाकणाला हात घातला, तर शेजारची रसवंतीवाली बाई ओरडली, "ओ ताई! चप्पल काढा आधी!"

सरांनी तिला समजावलं, हा पाइप आहे, पंपाची टाकी गळते की काय ते बघायला पुरलाय. ती म्हणाली, "ते मला ठावं हाय. तुमी पुरताना मीच रस दिलता की तुमास्नी. पन आता तो तुमचा ऱ्हायला न्हाय."

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, त्यानं खिशातनं कापूर काढला. आम्ही तिघं एकदम "ओ ओ ओ!" करत धावलो, पण मी झाकण निम्मं उघडून ठेवलेलं होतं आणि पाइपात साठलेली वाफ पेट घ्यायला टपलेलीच होती. भप्प! निळीपिवळी ज्वाळा माणसाच्या उंचीएवढी वर आली आणि गेली. ड्रायव्हरच्या मिशीची उजवी बाजू गेली. बाकी देवाच्या... म्हणजे नशिबानं काही झालं नाही.

 मग त्या निम्म्या मिशीच्या माणसानं दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, "जोतिबाच्या नावानं चांगभलंऽऽ!" आणि रस्त्यावरच्या सगळ्यांनी त्याला साथ दिली. मोहितेमामांनीसुद्धा!

आम्ही पाइपाला कुलूप घातलं, पंपाला ती टाकी बंद करायला लावली. रात्री जेवताना घरी सांगितलं. आम्ही बौद्ध माणसं. माझे वडील शाळामास्तर, घरात साधी उदबत्तीसुद्धा नियमात बसते का ते बघून लागायची. त्यांनी घास खाली ठेवला.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण," ते म्हणाले, "आणि तू पगार घेऊन देव बसवत हिंडतीस व्हय गं?"

*

इचलकरंजीत एका गल्लीत पंप होता. आजूबाजूला नुसते माग. खटखट, खटखट, अशी की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. मोहितेमामांना मात्र हे गाव फार आवडायचं. "हितं माझा आवाज कुनाला टोचत न्हाय," म्हणायचे.

पंपाचे मालक गोड बोलणारे. "सर, आमची टाकी नवीकोरी हाय. गळती कुठली? त्या पलीकडच्या गॅरेजवाल्याचं सांडलं आसंल."

मामांनी गिरमिट फिरवून माती काढली. काळीकुट्ट, ओली, डिझेलनं माखलेली. ही आजची गळती नव्हती, चांगली मुरलेली होती. सरांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हणाले, "मालक खोटं बोलतोय. टाकी जुनी आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. आत्ता काही बोलू नकोस."

मी मान हलवली. आम्ही चहा प्यायला गेलो. चहा संपायच्या आत मालक लालेलाल होऊन हजर.

"सर, मी खोटारडा?"

सरांनी बशी खाली ठेवली. "कोण म्हणालं असं?"

"आख्खी गल्ली म्हनतीया!"

आम्हाला पत्ताच लागेना. मी तर तोंड उघडलं नव्हतं, मामा लांब होते. शेवटी चहावाल्याच्या बाकावर बसलेला एक मागावरचा कामगार हसायला लागला. शिफ्ट सुटून नुकताच आलेला, केसांत कापूस.

"साहेब, आमी दिवसभर मागावर बोलतो कसं? ओठ बघून! तुमी मोठ्यानं बोललासा आसता, तर ह्या खटखटीत आमास्नी काय बी कळलं नसतं. तुमी हळू बोललासा, ते बी दाराकडं तोंड करून. चार शेडमधनं समद्यांनी वाचलं की!"

मालकांनी मग टाकी जुनी असल्याचं कबूल केलं. गल्लीनं आधीच निकाल दिल्यावर करतात काय? त्यानंतर इचलकरंजीत काही खासगी बोलायचं झालं, की सर तोंडावर टोपी धरायचे.

*

दोन हजार सालानंतर आमच्याकडं यंत्र आलं. मातीतून, बोअरमधून येणारी तेलाची वाफ मोजायचं. त्याआधी हे काम सरांचं नाक करायचं. मातीचं ढेकूळ बरणीत घालायचं, झाकण लावून उन्हात ठेवायचं आणि मग उघडून हुंगायचं. मी किती वेळा ओरडले, "सर, हे विषारी असतं!" तर म्हणायचे, "म्हणून तर एकाच नाकपुडीनं घेतो."

यंत्राचा पहिला प्रयोग पन्हाळा रोडवरच्या एका पंपावर केला. शेजारच्या घरातल्या बाईंची तक्रार होती, सांजच्याला घरात उग्र वास येतो. त्या बाई आमच्यामागोमाग हिंडत होत्या. त्यांचे यजमान त्याच पंपावर मॅनेजर. तेही हिंडत होते, पण जरा लांबून.

टाकीपाशी यंत्र धरलं. शून्य. भिंतीच्या कडेला. शून्य. बोअरमध्ये नळी सोडली. शून्य. सर खट्टू झाले. एवढं यंत्र आणलं आणि एक आकडा हलेना!

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांना राहवलं नाही. ते माझ्या खांद्यावरनं वाकून म्हणाले, "काय दावतंय मॅडम?"

यंत्र बोंबलायला लागलं! आकडा सरसर वर. मॅनेजर दचकून मागं सरले, आकडा खाली. परत पुढं आले, "बिघडलं का काय?" परत बोंब!

सरांनी चष्मा पुसला. "गळती सापडली," ते म्हणाले. "पण टाकीची नाही."

मॅनेजर काय समजायचं ते समजले आणि हिशेब बघायचाय म्हणून आत गेले. त्यांच्या बायकोनं मात्र यंत्राकडं बराच वेळ निरखून बघितलं. त्यावरनं हलकेच हात फिरवला.

"ताई," ती म्हणाली, "ह्ये घरगुती वापराचं मिळतंय काय ओ?"

*

एकदा शिरोळकडं एका गावात जीपनं मान टाकली. विहिरीच्या पाण्याचे नमुने बर्फात घालून ठेवलेले, त्याच दिवशी लॅबला पोचले नाहीत तर सगळी मेहनत फुकट. मामा जीपपाशी थांबले आणि मी थर्मोकोलची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसले.

गाडी जयसिंगपूर ओलांडते न ओलांडते तोच कंडक्टरनं नाक वर केलं.

"रॉकेल कुनाकडं हाय? एसटीत ज्वालाग्राही पदार्थ न्यायला बंदी हाय!"

सगळ्यांच्या नाकांनी माझी पेटी शोधून काढली. मी म्हणाले, "मास्तर, रॉकेल नाही. पाणी आहे."

त्यानं पेटी उघडायला लावली. एक बाटली वर काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये पानी? मला खुळा समजलासा व्हय? पानी आसंल तर एक घोट पिऊन दावा बघू!"

गाडी हसली.  आमच्या चाचणीचं पाणी प्यायचं नसतं, हे सांगायला जावं तर तो म्हणणार, बघा, कबूल केलं!

तेव्हा मागच्या खिडकीतनं एक म्हातारा आवाज आला. भाजीची पाटी पायाशी घेऊन बसलेली आजी होती. आम्ही दोघी एकाच गावात चढलो होतो.

"आरं, तिला कशाला पाजतोस? आमच्या आडाचं पानी हाय ते. आमी पावसाळ्यापास्नं त्येच पितोय. नातवंडं बी त्येच पित्यात. आमास्नी कुनी इचारलं न्हाय, ज्वालाग्राही हाय का म्हनून!"

 कंडक्टरनं बाटली जपून पेटीत ठेवली, झाकण लावलं, पेटी माझ्या मांडीवरनं उचलली आणि आपल्या सीटवर ठेवली. कोल्हापूर येईस्तोवर तो स्वतः उभा होता. प्रत्येक स्टॉपला चढणाऱ्यांवर ओरडायचा, "पेटीला धक्का लावू नका रं! आजीचं पानी हाय!"

नमुने वेळेत पोचले. त्या गावाला टँकर सुरू झाला. मामा आणि जीप दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून आले.

*

आणि हा आण्णा आणि बापूंचा.

सांगली रस्त्याला आण्णांचा पंप होता. वर चढाला त्यांचं घर, मध्ये पंप आणि खाली उताराला त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, बापूंचं घर नि विहीर. दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कारण? आण्णांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत बापूंचं नाव छापायचं राहिलं होतं. ती मुलगी आता स्वतः सुनेच्या शोधात होती, तरी अबोला चालूच!

बापूंच्या विहिरीला डिझेलचा वास यायला लागला. त्यांनी तक्रार केली. आम्ही गेलो तर आण्णा गादीवर बसलेले, पांढरंशुभ्र धोतर.

"माझी टाकी गळत न्हाय," आण्णा म्हणाले. "बापू स्वताच विहिरीत डिझेल वततोय. मला बदनाम करायला."

खाली बापूंकडं गेलो. "आण्णांस्नी म्हनावं, माझ्या बायकूला कोसावरनं पानी आनाया लागतंय. आनि माझ्याकडं डिझेल वतायला ट्रॅक्टर तरी हाय का?"

दोघंही आम्हाला असंच सांगायचे, 'त्येला म्हनावं'. सर चढ-उतार करून दमले. शेवटी मोहितेमामांनी चढावरच उभं राहून बोलायला सुरुवात केली. मग निरोप्याची गरजच उरली नाही.

आम्ही विहिरीपासून वर पंपाकडं ओळीनं भोकं पाडत गेलो. जसजसं वर जाऊ तसतशी माती जास्त काळी, वास जास्त उग्र. सरांनी ढेकळं ओळीनं मांडून आण्णांना दाखवली. "बघा आण्णा, वास तुमच्याकडनं खाली जातोय."

आण्णांनी एकेक ढेकूळ हुंगलं. सावकाश, मन लावून. मग म्हणाले, "बापू वतत वतत वर आला आसंल."

यावर भूगर्भशास्त्रात उत्तर नाही!

अखेर टाकी रिकामी करून वर काढायचं ठरलं. क्रेन आली. गाव लोटलं. बापूही आले, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, आपल्या हद्दीत उभे. टाकी हळूहळू वर आली, माती झाडत कलली आणि तिचा तळ सगळ्यांना दिसला. बाकी टाकी खणखणीत होती. नुसतं तळाला, एकाच ठिकाणी, आठ आण्याच्या नाण्याएवढं आरपार भोक. भोकाभोवतीचा पत्रा झिजून चकचकीत झालेला.

सर तोंडानं 'च्' करून वाकले. भोकाच्या नेमकं समोर, टाकीच्या वरच्या बाजूला, तेल मोजायची काठी आत सोडायचं तोंड होतं. सरांनी ती पितळी टोकाची काठी मागवली, तोंडातून आत सरकवली. काठी सरळ भोकातून पलीकडं बाहेर आली!

"इतकी वर्षं एकाच जागी ठोका बसून भोक पडलंय," सर म्हणाले. "काठी हळू टेकवायची असते. ही कुणीतरी रोज धाडकन सोडतंय. कोण मोजतं हो तेल?"

पंपावरची पोरं आभाळाकडं बघायला लागली. क्रेनवाल्यानं इंजिन बंद केलं.

आण्णा पुढं झाले. त्यांनी सरांच्या हातातनं काठी घेतली, तिचं टोक बघितलं, पत्र्यातलं भोक बघितलं. मग काठी पुन्हा एकदा भोकातनं घालून बघितली. अजून काही वेगळं निघतंय का, असं.

"मीच," ते म्हणाले. आवाज एकदम बारीक. "रोज सकाळी. पंप सुरू झाल्यापास्नं. दुसऱ्या कुनाच्या हातात काठी दिली न्हाय मी. म्हटलं, चोरी हुईल."

  एवढ्या माणसांत तो म्हातारा काठी धरून एकटाच उभा होता.

आणि बापू रस्ता ओलांडून आले! गर्दीनं वाट दिली. ते टाकीपाशी आले, वाकून भोकातनं पलीकडं बघितलं. मग भावाकडं बघितलं. आम्हाला वाटलं, आता काय होतंय कुणास ठाऊक. इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि आता हातात पुरावा! सरांनी हळूच आण्णांच्या हातातली काठी काढून घेतली, न जाणो.

बापूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आण्णांच्या धोतराला लागलेलं डिझेल पुसलं आणि म्हणाले,

"आण्णा, चला घरी, च्या घ्या. येताना पानी तेवढं संगं आना!"